चार पायांचा तोल

गेल्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने चार पायांच्या रोबोच्या चालण्याचे अ‍ॅनिमेशन केले. हाच विषय का, हे इथल्या मुलांना फार सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूरकडे सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी कोसळल्या. रस्ते बंद, त्यामुळे मदत उशिरा पोहोचली. गाडी जिथे अडते तिथून पुढे शेळी खुशाल जाते. मग यंत्रालाच पाय दिले तर?

प्रत्येक पायाला तीन सांधे, म्हणजे एकूण १२ सर्व्हो मोटर. पाऊल कुठे टेकायचे ते ठरवले की गुडघ्याचा कोन कोसाइनच्या सूत्राने निघतो. (इन्व्हर्स कायनेमॅटिक्स हे नाव ऐकून घाबरू नका, बरेचसे बारावीतलेच आहे.) आठवड्याभरात आमचा रोबो स्क्रीनवर ऐटीत चालू लागला. प्रेझेंटेशनला सरांनी एकच प्रश्न विचारला, "अरे, हा पडत का नाही?"

आम्ही गप्प. पडायला वजन लागते आणि आमच्या प्रोग्रॅममध्ये वजन नव्हतेच. आम्ही फक्त पाय हलवले होते.

गणपतीला पोलादपूरजवळ मामाकडे गेलो. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी त्याची वाडी. संध्याकाळी म्हैस चिखलाच्या उतारावरून खाली येत होती. पुढचा पाय उचलण्याआधी ती क्षणभर थांबायची, अंग मागे आणि एका बाजूला घ्यायची, मगच पाय सुटायचा. मी टक लावून बघतोय म्हणून मामा हसला. म्हणाला, "तिला घाई नाही रे. आधी भार काढून घेते, मग पाय उचलते."

परत आल्यावर वही घेऊन बसलो. तुम्हीही कागद घ्या. आमच्या रोबोच्या पुढच्या आणि मागच्या पायांत ३० सेंमी अंतर, डाव्या-उजव्यात १६ सेंमी, गुरुत्वमध्य बरोबर मधोमध. उजवा पुढचा पाय उचलला की जमिनीवर तीन पावले उरतात, त्यांचा त्रिकोण होतो. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा या त्रिकोणाच्या आत पडला तर रोबो उभा राहणार, बाहेर पडला तर कोसळणार. आमचा ओळंबा पडत होता थेट कर्णावर, म्हणजे अगदी काठावर! अंग २ सेंमी मागे घेतले तर तो काठाच्या आत येतो जेमतेम ०.९ सेंमी. तेच २ सेंमी डावीकडे घेतले तर जवळजवळ १.८ सेंमी. अंग लांबट असल्याने बाजूला झुकणे दुप्पट फायद्याचे. म्हैस डुलत का चालते ते मला त्या रात्री कळले.

उतारावर प्रकरण अवघड होते. गुरुत्वमध्य जमिनीपासून २० सेंमीवर आणि चढ १५ अंशांचा असेल, तर ओळंबा २० गुणिले टॅन १५, म्हणजे सुमारे ५.४ सेंमी उताराकडे सरकतो. चढताना तो मागच्या पायांकडे जातो. त्यामुळे पुढचा पाय उचलणे सोपे, पण मागचा उचलला की ओळंबा कर्णाच्या २.५ सेंमी बाहेर. उतरताना नेमके उलटे, म्हणून म्हशीची ती पुढच्या पायाची कसरत. उपाय म्हणजे गुडघे वाकवून उंची १० सेंमीवर आणायची आणि शिवाय अंग २ सेंमी बाजूला घ्यायचे. दोन्ही मिळून ओळंबा अर्धा सेंमी आत येतो. मात्र गुडघा वाकला की त्याच्या मोटरवरचा भार वाढतो, मोटर तापते. फुकट काहीच नाही.

पायांचा क्रमही बदलला. एका वेळी एकच पाय उचलायचा तर क्रम सहाच संभवतात. त्यांपैकी डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा हा सर्वांत स्थिर, असे मॅकघी आणि फ्रँक यांनी १९६८ मध्ये गणिताने दाखवले. गुरे हळू चालताना हाच क्रम पाळतात, पेपर न वाचता! २००५ च्या बिगडॉगसारखे रोबो दुडकी चालतात, तेव्हा कर्णावरचे दोनच पाय टेकलेले असतात. तिथे त्रिकोणच उरत नाही, पडता पडता सावरत राहावे लागते. त्याला सेन्सर आणि वेगवान कंट्रोल हवा. आमचे बजेट मेसच्या बिलापुढे सरकत नाही.

आता स्क्रीनवर रोबोखाली त्रिकोण आणि ओळंब्याचा ठिपका दिसतो. ठिपका बाहेर गेला की लाल होतो आणि अ‍ॅनिमेशन तिथेच थांबते. चाल पूर्वीसारखी ऐटबाज राहिली नाही. रूममेट म्हणतो, म्हातारी बाजाराला निघाल्यासारखी दिसते. पण सरांनी या वेळी तो प्रश्न विचारला नाही.

नंतर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा सांगाडा जोडून हॉस्टेलच्या गच्चीवर १५ अंशांची फळी लावली. चार पावले नीट पडली, पाचव्याला पाय घसरला. घर्षण आम्ही धरलेच नव्हते. सध्या पावलांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले आहेत. फळी ओली करून बघायची बाकी आहे. रविवारी दुपारी करणार आहोत, ज्यांना हौस असेल त्यांनी गच्चीवर यावे. येताना एक बादली पाणी आणावे.