आपला माणूस कोण?

सावद्याचा गुरांचा बाजार सर्वांना ठाऊक आहे. तेथे बैल घेताना आपण काय करतो? दात पाहतो. खांदा चाचपतो. चार पावले चालवून बघतो. विकणारा आपल्या जातीचा आहे, एवढ्यावर कोणी पैसे मोजत नाही. लंगडा बैल घरी आणला तर पेरणी खोळंबेल, हे आपल्याला पक्के कळते.

मग पंचायतीच्या निवडणुकीत आपण असे का वागत नाही? पाच वर्षे गावाचा गाडा ओढायचा असतो. पण पहिला प्रश्न निघतो, "उमेदवार कोणाचा?" आपल्या जातीचा, आपल्या भाऊबंदांतला, आपल्या आळीतला. झाले, मत दिले!

आम्ही दुसऱ्याला दोष देत नाही. आम्ही हेडमास्तर असताना एका गावी हेच केले. आपला माणूस म्हणून एकाला मत दिले. चौघांना तसे सांगितलेही. पुढे तो सभेला क्वचितच आला. शाळेचे छप्पर गळत राहिले. पावसाळ्यात मुले एका कोपऱ्यात दाटीने बसत. त्यांत आमच्या जातीची मुले होती, इतरांचीही होती. पाऊस काही जात विचारून गळत नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. राखीव जागा वेगळ्या आणि जात पाहून मत देणे वेगळे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चावडीची पायरी चढू दिली नाही, त्यांच्यासाठी कायद्याने जागा राखल्या. घटनेची ७३ वी दुरुस्ती १९९३ साली अमलात आली. तेव्हा बायांसाठी एकतृतीयांश जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्रात २०११ साली हा वाटा निम्मा झाला. हे न्यायाचेच झाले. पण राखीव जागेलाही अनेक उमेदवार उभे राहू शकतात. त्यांतला लायक कोण, हे आपणच पाहायचे. आणि बाई निवडून आली, तर खुर्चीवर तिनेच बसावे, तिच्या नवऱ्याने नव्हे.

लायकी म्हणजे काय? कायद्याच्या काही अटी आहेत. उमेदवाराचे वय २१ वर्षे पूर्ण हवे. नाव मतदार यादीत हवे. मागणी होऊनही पंचायतीचा कर थकवलेला नसावा. १९९५ सालापासून पुढे जन्मलेला उमेदवार सातवी पास हवा.

कोणी म्हणेल, "मास्तर, मग न शिकलेला माणूस नालायक का?" तसे आम्ही म्हणत नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हते. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याची निशाणी असे. निशाणी पाहून त्या लोकांनी देशाचे सरकार निवडले. शहाणपण केवळ पाटी-पुस्तकात नसते. पण पंचायतीचा जमाखर्च कागदावर असतो. कागद वाचता आला नाही, तर सही दुसऱ्याच्या भरवशावर होते.

काही ठिकाणी तर लायकीऐवजी बोली लागते. आपल्या खानदेशात नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले उमराणे, या दोन गावांची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये रद्द केली. कारण पदांचा लिलाव. देवळासाठी पैसा जमतो, म्हणून लिलाव बरा, असे काहींना वाटते. पण मग गरिबाने उभे कसे राहावे? आणि जो पद विकत घेईल, तो आधी आपला पैसा वसूल करू पाहील.

आता तुम्हाला वाचता येऊ लागले आहे. उमेदवार अर्जासोबत शपथपत्र देतो. त्यात त्याची मालमत्ता आणि त्याच्यावरील खटले लिहिलेले असतात. ते वाचा. न कळलेला शब्द विचारा. निवडणुकीनंतर ग्रामसभेला जा आणि जमाखर्च मागा.

नळाचे पाणी जो प्रत्येक आळीला सारखे देतो, तो आपला माणूस. मग त्याची जात कोणतीही असो.

प्रश्न
१. बैल घेताना आपण काय पाहतो? उमेदवाराचे काय पाहावे?
२. राखीव जागा कशासाठी आहेत?
३. तुमच्या गावची मागची ग्रामसभा केव्हा झाली? तुम्ही गेला होता का?