संभाषण मध्येच का तुटते?

वाराणसीतील दुर्गाघाट व ब्रह्माघाट हे मराठी कुटुंबांच्या जुन्या वस्तीचे भाग होत. मोकळ्या घाटावर मोबाइलवर सुरू केलेले बोलणे तेथील अरुंद गल्लीत शिरताच तुटू शकते. असे का व्हावे?

मोबाइल आपला आवाज रेडिओलहरींच्या द्वारा जवळच्या मनोऱ्याकडे पाठवितो. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, तर १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची त्याच्या निम्मी असते. जाड दगडी भिंतीतून जाताना दोन्ही क्षीण होतात. आखूड लहर सामान्यतः अधिक. मनुष्य चालू लागला म्हणजे एका मनोऱ्याने त्याचे संभाषण दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचे असते. कोपरा वळताच पहिली लहर एकाएकी मंदावली व हे हस्तांतर अपुरे राहिले, तर संभाषण तुटते.

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बोलणे ठराविक जागीच तुटत असल्यास त्याच कंपनीचे दुसरे यंत्र तेथे वापरून पाहावे. तेथेही तुटले, तर दोष बहुधा जागेचा किंवा जाळ्याचा; नवे यंत्र घेणे व्यर्थ होय. सर्वत्र तुटत असल्यास आपले सिमकार्ड दुसऱ्या यंत्रात घालावे. दोष कार्डाबरोबर गेला, तर कंपनीकडे चौकशी करावी. न गेल्यास आपले यंत्र तपासून घ्यावे.

घरातील रुग्णासाठी डॉक्टरांना बोलवावयाचे असता खिडकीजवळ अथवा गच्चीवर स्थिर उभे राहून बोलावे. आपल्या कंपनीची लहर मिळत नसली, तरी ११२ हा संकटकाळचा क्रमांक दुसऱ्या उपलब्ध जाळ्यावरून लागू शकतो.