जुन्या प्रोग्रॅमची किल्ली : बॅच फाइल

मोडी दफ्तर हाती आहे, पण लिपी अवगत नाही, अशा वेळी साधन असूनही ते मुके राहते. संगणकावरील जुन्या नोंदींचे आज तसेच झाले आहे. १९८० व १९९० च्या दशकांत वर्डस्टार, डीबेस, फॉक्सप्रो हे प्रोग्रॅम डॉस या प्रणालीवर चालत. त्यांतील नोंदी उरल्या, पण ६४-बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. डॉसबॉक्स हा एम्युलेटर ही अडचण दूर करतो. तो आजच्या संगणकात जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल उभी करतो.

परंतु डॉसबॉक्स उघडल्यावर दर वेळी आज्ञा टंकित कराव्या लागतात. हे काम बॅच फाइलवर सोपवता येते. बॅच फाइल म्हणजे आज्ञांची साधी यादी. ती नोटपॅडमध्ये लिहावी व नावाच्या शेवटी टीएक्सटी न राहता बीएटी राहील, याची खात्री करावी.

येथे एक भेद नीट समजून घेऊ. बॅच फाइल विंडोज वाचते. तिच्यातील काही आज्ञा मात्र डॉसबॉक्ससाठी असतात. म्हणून डॉसबॉक्सच्या नावानंतर त्याच ओळीत उणे चिन्ह व रोमन सी लिहून पुढील आज्ञा अवतरणचिन्हांत ठेवतात. प्रत्येक आज्ञेसाठी हीच रीत. क्रम असा :

१. माउंट : जुना फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडणे.
२. सी आणि अपूर्णविराम : त्या ड्राइव्हवर जाणे.
३. सीडी : प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये शिरणे.
४. प्रोग्रॅमचे नाव : तो सुरू करणे.
५. एक्झिट : प्रोग्रॅम संपल्यावर डॉसबॉक्स बंद करणे.

चौथ्या पायरीवरील प्रोग्रॅम स्वतःच बॅच फाइल असेल, तर नावाआधी कॉल लिहावे. अन्यथा नियंत्रण परत येत नाही व पाचवी आज्ञा अमलात येत नाही.

दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, माउंट केलेला फोल्डर खराच असतो. प्रोग्रॅमने त्यातील नोंद पुसली, तर ती खरोखरच पुसली जाते. म्हणून मूळ फोल्डरला हात न लावता त्याची प्रतच जोडावी. दुसरी, पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड लावून मराठीत केलेल्या नोंदी डॉसबॉक्समध्ये उघडल्या तरी अक्षरे निरर्थक दिसतात. ते कार्ड यंत्रात बसवायचे स्वतंत्र उपकरण होते. डॉसबॉक्स त्याची नक्कल करीत नाही. तेथे इस्की संकेतावलीतून युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. मजकूर नष्ट झाला असे समजून अशा फाइली टाकून देणे म्हणजे मोडी वाचता येत नाही म्हणून दफ्तर जाळणे होय.

विद्यार्थ्यांनी ही बॅच फाइल स्वतः लिहून पाहावी आणि प्रत्येक ओळ विंडोजसाठी की डॉसबॉक्ससाठी, हे वहीत नोंदवावे. ज्याला हे सांगता आले, त्याला धडा समजला, असे आम्ही मानतो.