दुःखिताच्या घरी काय बोलावे?

पाठ : ईयोब २:११–१३; योहान ९:१–३

मंडळीत कोणी आजारी पडला म्हणजे आपण त्याच्या भेटीस जातो, ही चाल चांगली आहे. परंतु तेथे काय बोलावे ह्याचा विचार आपण क्वचितच करितो.

ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस व सात रात्री त्याजजवळ भुईवर मुकाट्याने बसले. तोवर ते खरे मित्र होते. पुढे तोंड उघडून त्यांनी त्याचे पाप शोधण्यास आरंभ केला, आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावरच झाला. जन्मांधाविषयी शिष्यांनी असेच विचारिले, तेव्हा प्रभूने त्याला किंवा त्याच्या आईबापांना दोष दिला नाही.

सोलापुरात यंत्रमागावर काम करणाऱ्या एका बंधूस क्षय जडला. आम्ही त्याच्या घरी जाऊन धीराविषयी पुष्कळ बोललो. निघताना त्याची पत्नी उंबऱ्यापर्यंत आली व हळूच म्हणाली, “गुरुजी, ह्यांची भांडी वेगळी ठेवू का? लेकरांना माझ्या माहेरी धाडू का?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. तिला जे हवे होते, तेवढेच आम्ही बोललो नव्हतो.

दवाखान्यात विचारून आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो. हा रोग शाप नव्हे. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख ह्यांनी १८८२ साली दाखविला. फुप्फुसाचा क्षय खोकल्यावाटे हवेतून पसरतो, ताटवाटीने नव्हे. रोग्याने तोंडावर फडके धरावे, खिडक्या उघड्या ठेवाव्या, लेकरांची तपासणी करावी. साधारण क्षय सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो, व सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले.

थोड्याच आठवड्यांत रोग्यास बरे वाटू लागते, व पुष्कळ जण तेव्हाच औषध सोडितात. मग रोग उलटतो, आणि कधी तीच औषधे त्यावर चालेनाशी होतात. म्हणून पहिल्या भेटीपेक्षा तिसऱ्या महिन्यातील भेट अधिक मोलाची होय.

तर बंधूंनो, आधी बसा. “रात्र कशी गेली?” एवढेच विचारा, आणि ऐका. कारण सांगू नका. बरे होण्याचे वचन तुमच्या हाती नाही, ते देऊ नका. ठाऊक नसेल ते विचारून आणा. प्रार्थना थोडक्यात करा, आणि उठताना पाण्याची घागर रिकामी असेल तर भरून ठेवा.

मंडळीत विचारण्यासाठी प्रश्न :
१. ईयोबाच्या मित्रांची चूक कोठून सुरू झाली?
२. त्या बाईने उंबऱ्यापर्यंत येऊन का विचारिले?
३. ह्या आठवड्यात आपण कोणाच्या घरी पुन्हा जावयास हवे?