दोरी किती ताणावी?

मानकोलीच्या एखाद्या अंगणात ओली चादर वाळत घातली, की दोरी मध्ये लोंबते आणि चादरीचे टोक मातीला लागते. मग आपण दोरी करकचून ताणतो. एक दिवस भिंतीतला खिळाच उपटून येतो! आमच्याकडे असे दोनदा झाले.

असे का होते? समजा, खिळ्यांमधले अंतर 4 मीटर आहे आणि 2 किलोग्रॅमची ओली चादर मधोमध टांगली आहे. दोरी 20 सेंटिमीटर झुकली, तर तिच्यातील ताण सुमारे 10 किलोग्रॅम भार असतो. झोक 10 सेंटिमीटर केला तर ताण 20, आणि 5 सेंटिमीटर केला तर 40! चादर पेलतो तो ताणाचा फक्त वर ओढणारा भाग. दोरी जितकी आडवी, तितका हा भाग लहान. आकृती काढून पडताळा पाहा.

तेव्हा थोडा झोक राहू द्या, आणि एका टोकाला रहाट बसवा. 4 सेंटिमीटर जाडीच्या लाकडी रुळाला 20 सेंटिमीटरचा दांडा लावला, की घर्षण सोडल्यास 20 किलोग्रॅम भाराचा ताण 2 किलोग्रॅम जोराने देता येतो. पण हात सोडताच रूळ उलटा फिरेल. त्यासाठी दातेरी चाक आणि खिट्टी हवी. भिवंडीत यंत्रमाग पाहायला मिळाला, तर विणलेले कापड पुढे ओढणाऱ्या चाकांत ही जोडी शोधा. खिट्टी उचलण्यापूर्वी दांडा घट्ट धरा, नाहीतर तो उलटा फिरून मनगटावर बसेल.

सुती दोरी भिजली की तंतू फुगून ती आखडते. पाऊस येताना खिट्टी दोन दाते मागे घ्या.