कानांवर जगलेली भाषा : फारूक नाझकी यांच्या निमित्ताने

कवी आणि नभोवाणीवरील अधिकारी ही दोन माणसे एकाच देहात सुखाने नांदू शकतात काय? एकाला शब्दांची ओढ, दुसऱ्याला घड्याळाची. तेव्हा नोकरी ही पोटासाठी आणि कविता मनासाठी, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो. परंतु काश्मिरी व उर्दू कवी फारूक नाझकी यांचे जीवन पाहू लागलो, तेव्हा ही वाटणी तेथे लागू पडत नाही असे मला दिसून आले. त्याचे कारण त्यांच्या स्वभावात जितके आहे, त्याहून अधिक काश्मिरी भाषेच्या परिस्थितीत आहे.

नाझकी यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९४० रोजी काश्मीरमधील बांदीपोरा भागात झाला. वडील मीर गुलाम रसूल नाझकी हेही काश्मिरी आणि उर्दू या दोन्ही भाषांतील नामवंत कवी होते. १९८७ साली वडिलांना आणि १९९५ साली मुलाला, काश्मिरी कवितासंग्रहांसाठी साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. एकाच घरात असा मान दोनदा यावा, ही गोष्ट विरळाच.

आता या दोन भाषांचे नाते पाहू. संस्थानी काळात, १८८९ साली, फारसीच्या जागी उर्दू ही जम्मू-काश्मीरची राजभाषा झाली. कचेरी, शाळा आणि वर्तमानपत्र यांची भाषा उर्दू. चूल, शेत, लग्नघर यांची भाषा काश्मिरी. परिणामी शिकलेला काश्मिरी माणूस उर्दू सफाईने वाचतो, पण मातृभाषेचे पान समोर आले की अडखळतो. एक लहानसे उदाहरण देतो. आपण मराठीत ‘चाक’ आणि ‘चहा’ म्हणताना ‘च’चे दोन निराळे उच्चार करतो. त्यांतला ‘चाक’मधला ‘च’ काश्मिरीतही आहे, उर्दूत मात्र नाही. म्हणून काश्मिरी लिपीने उर्दूतील तीन टिंबांचे एक अक्षर या उच्चारासाठी योजले. उर्दूत त्याच अक्षराचा उच्चार अगदी वेगळा होतो. म्हणजे केवळ उर्दू शिकलेला वाचक अक्षर ओळखूनही शब्द चुकतो! स्वरांची अडचण तर याहून मोठी. शिवाय फारसी-अरबी वळणाच्या या लिपीबरोबरच काश्मिरी पंडितांमध्ये देवनागरीतून काश्मिरी लिहिण्याचीही प्रथा आहे. थोडक्यात, एका भाषेची दोन पाने, आणि दोन्ही वाचणारे थोडे.

अशा भाषेला सर्वांचे असे एकच पान लाभले, ते म्हणजे आवाज. १ जुलै १९४८ रोजी श्रीनगर येथे ‘रेडिओ काश्मीर’ सुरू झाला. वाचता येवो न येवो, ऐकता तर सर्वांनाच येत होते. पुष्कर भान आणि सोमनाथ साधू यांची ‘झून डब’ ही कौटुंबिक श्रुतिकामाला वर्षानुवर्षे घरोघरी ऐकली गेली. दोघांनाही १९७४ साली पद्मश्री मिळाली. आपल्याकडे पुणे केंद्रावरून १९५५-५६ साली ‘गीतरामायणा’ने असेच घर केले होते. पण आपला श्रोता पुढे ते पुस्तकातही वाचू शकला. काश्मिरी श्रोत्याजवळ बहुधा कानावर पडले तेवढेच उरले. म्हणून मला वाटते की, मराठीसाठी जे काम छापखान्याने केले, त्यातील मोठा वाटा काश्मिरीसाठी नभोवाणीने उचलला. तेथे काम करणारा कवी आपल्या कवितेपासून दूर गेलेला नसतो. तो तिच्या छापखान्यातच बसलेला असतो.

नाझकी यांनी श्रीनगरच्या आकाशवाणीचे आणि दूरदर्शनचे संचालकपद सांभाळले. हा काळ सोपा नव्हता. १३ फेब्रुवारी १९९० रोजी श्रीनगर दूरदर्शनचे संचालक लस्सा कौल यांची दहशतवाद्यांनी हत्या केली. त्याच वर्षी हजारो पंडित कुटुंबे खोरे सोडून गेली. ज्या आवाजाने दोन लिप्यांच्या वाचकांना एकत्र बसविले होते, त्याचा श्रोतृवर्गच दुभंगला. अशा दिवसांत ज्यांनी हे काम केले, त्यांच्या नोकरीला केवळ ‘पोटाची सोय’ म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

त्यांच्या संग्रहांची नावेही बोलकी आहेत. पारितोषिक मिळालेला काश्मिरी संग्रह ‘नार ह्यूतुन कंज़लवनस’. ‘नार’ म्हणजे आग. इंग्रजीत या नावाचा अर्थ ‘पापण्यांतील आग’ असा दिला जातो. उर्दू संग्रहाचे नाव ‘लफ़्ज़ लफ़्ज़ नौहा’, म्हणजे शब्दाशब्दांत विलाप. ‘नौहा’ हे करबलेच्या शोकाचे काव्य. ते जमावापुढे मोठ्याने म्हणावयाचे असते. ज्या भाषेत छापील पानाची उणीव नव्हती, त्या उर्दूत लिहितानाही या कवीने नाव निवडले ते कंठाशी जोडलेले, हे मला लक्षणीय वाटते.

६ फेब्रुवारी २०२४ रोजी नाझकी यांचे निधन झाले. त्यापूर्वी, सप्टेंबर २०१४ च्या महापुरात श्रीनगरचे नभोवाणी केंद्र पाण्याखाली जाऊन प्रसारण थांबले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘रेडिओ काश्मीर’ हे नावही गेले आणि ‘आकाशवाणी’ आले. २०२० साली काश्मिरीला राजभाषांच्या यादीत स्थान मिळाले, ही समाधानाची बाब खरी. पण जी भाषा ध्वनिफितींवर जगली, तिचे वाङ्मय एका पुराने भिजू शकते. कायद्याने दिलेले स्थान त्या फिती वाळवू शकत नाही. त्यासाठी ती भाषा वाचणारी मुले तयार व्हावी लागतात.

साहित्याचा इतिहास आपण ग्रंथालयाच्या कपाटांवरून शिकतो. मित्रहो, ज्या भाषेची कपाटे लहान, तिचे साहित्यही लहान असे आपण नकळत धरून चालतो. नाझकी यांचे जीवन हा समज तपासावयास लावते. भारतीय साहित्याचा अभ्यास करताना एखाद्या भाषेत किती पुस्तके छापली गेली, एवढेच विचारून भागणार नाही. तिचे लोक कवितेला कोठे भेटतात, हेही विचारले पाहिजे.