पंज्याचं माप

चि. अनिकेत यास,


फिलाडेल्फियाच्या जुन्या खुर्चीची प्रतिकृती करायला घेतलीस हे वाचून फार आनंद झाला. तिच्या पायाच्या टोकाला गोळा धरलेला पंजा असतो. तो गोळा किती इंचाचा धरावा, असं तू विचारलं आहेस. अठराव्या शतकातला तिथला कारागीर हा आकडा वेगळा काढतच नसे.

बाकदार पाय तो एका अखंड ठोकळ्यातून कापी. खुर्चीसाठी ठोकळा साधारण पावणेतीन ते तीन इंच जाडीचा. गुडघा आणि पंजा दोन्ही ठोकळ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोचतात, घोटा तेवढा आत जातो. ठोकळा निवडला की गोळा जास्तीत जास्त केवढा होईल तेही ठरलं. मग तळाला कर्ण आखायचे आणि कर्कटकाने वर्तुळ काढायचं. नखं चार कोपऱ्यांवर येतात, म्हणून वर्तुळ कडांच्या अगदी जवळ नेता येतं.

फोटोवरून माप काढणारे इथेच फसतात. तीन इंची चौकोनाचा कर्ण सव्वाचार इंच भरतो. म्हणजे एकच पंजा समोरून वेगळा दिसतो आणि कोपऱ्यातून कितीतरी रुंद. त्यात कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवर असेल, तर सीट मोठी येते आणि पाय आखूड. संग्रहालयाने छापलेल्या उंची-रुंदीवरून प्रमाण काढावं, पण फोटो कोणत्या कोनातून घेतला आहे ते आधी ओळखावं.

फर्निचर-कारागीर चिपेंडेलच्या पुस्तकात हे माप शोधू नकोस. लंडनला 1754 साली निघालेल्या त्या नमुनासंग्रहात गोळा धरलेला पंजाच नाही, आणि तरी जग याला चिपेंडेलचा पाय म्हणतं!

माप शोधायचं ते गावाच्या हातवळणात. फिलाडेल्फियाचा गोळा किंचित चपटा, त्यावर बोटांची पेरं ठसठशीत. न्यूपोर्टचा उभट, अंड्यासारखा. तिथल्या काही उत्तम कामांत नख आणि गोळा यांच्यामधून आरपार फट कोरलेली असते. बॉस्टनची बाजूची नखं झपकन मागे वळतात. न्यूयॉर्कचा पंजा चौकोनी, जडसा. रुंदी बरोबर घेतली आणि गोळ्याची उंची दुसऱ्या गावाची आली, तर खुर्ची परकी दिसते. मला ही चूक सगळ्यांत जास्त खुपते.

मूळ खुर्ची मोजायला मिळाली, तर कॅलिपर दोन दिशांना लाव. लाकूड सगळ्या दिशांना सारखं आटत नाही. वार्षिक वलयांच्या दिशेने जास्त, त्यांना छेदून कमी. अडीचशे वर्षांत गोळा थोडा लंबगोल झालेला असतो. ओल्या फरशीने कुजलेले किंवा झिजलेले तळ कित्येकदा कापूनही टाकलेले असतात. खुर्ची ठेंगणी वाटली, तर गोळ्याचा तळ गेला आहे का ते पाहा. पुढचे दोन्ही पंजे मोज. ते तंतोतंत जुळणार नाहीत. नजरेने कोरलेले आहेत. त्यांची सरासरी काढून गुळगुळीत करू नकोस, त्यातला जास्त शाबूत पंजा धर.

महोगनीला पटाशी लावण्याआधी पाइनमध्ये पूर्ण मापाचा एक पाय कोर. भिंतीपासून दूर, जमिनीवर उभा कर आणि सात-आठ पावलांवरून बघ. घोटा बारीक आणि गोळा बोजड वाटला, तर आधी घोटा तपास. बहुतेकदा तोच जास्त कापला गेलेला असतो.

दिवाळीत येशील तेव्हा तो पाइनचा पाय सोबत आण.

तुझा,
मामा